पाद्रीउतारावरचे पाच खड्डे

“या खोऱ्यात असा एकही उतार नाही, जो मला विचारल्याशिवाय हलेल!”

रोमेद प्लांगरने अंगणात उभं राहून, हातातलं फावडं राजदंडासारखं रोवून हे जाहीर केलं. त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या छपरावरचा आठ दिवसांचा बर्फ, कोणालाही न विचारता, एकगठ्ठा त्याच्या डोक्यावर आला.

कुंपणापलीकडे शेजारी गिडी पाईप ओढत उभा होता. मदतीला धावायचं वगैरे त्याच्या मनात आलं नाही. बर्फाच्या ढिगातून आधी टोपी, मग मिश्या आणि शेवटी रोमेद असा क्रमाने बाहेर येईपर्यंत तो शांतपणे धूर सोडत राहिला.

“छपराला उतार म्हणत नसतील,” गिडी म्हणाला.

“छप्पर वेगळं. छपराखाली स्वयंपाकघर असतं. ऊब लागते.”

“हो ना. अन् वर दगडी झोपडीत धूप घेऊन कधी जाणार? आज सहा तारीख. का यंदा मुलीनं रजा मंजूर केली नाही?”

रोमेदने मानेवरून आत शिरलेला बर्फ बोटाने उकरून काढला आणि काहीही न बोलता घरात गेला. गिडीला उत्तर न देणं याचा अर्थ त्याला फार लागलं आहे, हे हिंटरफाल गावात सगळ्यांना ठाऊक होतं. गिडीला तर सगळ्यांत जास्त.

सहा जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या दिवशी, प्रत्येक घरातला कर्ता माणूस चुलीतले निखारे लोखंडी धुपाटण्यात घेतो, त्यावर राळ टाकतो आणि घर, गोठा, कोंबड्यांचं खुराडं असं सगळं धुरावून काढतो. मग दारावर खडूने तीन राजांची अक्षरं आणि नवं वर्ष लिहितो. प्लांगरांची एक जागा जास्त होती. पाद्रीउताराच्या पलीकडे, उन्हाळ्यात गाई चरायला नेतात तिथे, त्यांची दगडी झोपडी होती. तिथेही निखारे जायचे, घरच्याच चुलीतले, आणि जिवंत. बाकीची घरं जुनं वर्ष पुसून नवं लिहीत. प्लांगर पुसत नसत. झोपडीच्या दारावर एकाखाली एक रोमेदच्या हाताच्या एकेचाळीस ओळी होत्या, त्यावर बापाच्या, त्यावर आजोबांच्या. मधे खाडा नव्हता. ज्या भयंकर हिवाळ्यात तीन आठवडे खोऱ्याचा रस्ता बंद होता, दूध हेलिकॉप्टरने येत होतं, त्या वर्षाची ओळसुद्धा तिथे होती. त्या एका ओळीवर रोमेद गावाच्या हिमसमितीचा अध्यक्ष झाला आणि चोवीस वर्षं राहिला.

आता अध्यक्ष त्याची मुलगी होती.

झिटा पस्तिशीची, धंद्याने पर्वतवाटाडी, लोकांना स्कीवर घेऊन डोंगर चढवणारी. रोज पहाटे अग्निशमन दलाच्या खोलीत समितीची पाच माणसं कॉफी पीत बसायची, वरून आलेलं, हिमस्खलनाचा धोका सांगणारं हिमपत्रक वाचायची, खिडकीतून डोंगराकडे बघायची आणि कुठली वाट उघडी, कुठली बंद ते ठरवायची. पाद्रीउताराची वाट नाताळपासून बंद होती. शेवटच्या घराजवळ दोर बांधून पाटी लावली होती. पाटी रोमेदनेच रंगवलेली, अध्यक्ष असताना. ‘ही पाटी तुमच्यासाठीसुद्धा आहे,’ हे वाक्यही त्याचंच होतं, आणि आजवर त्याला ते फार सुंदर वाटत आलं होतं.

स्वयंपाकघरात येऊन तो बसला. उठला. वायुभारमापकावर नखाने टिचकी मारली. ही टिचकी तो गेले आठ दिवस इतक्या वेळा मारत होता, की काटा आता हवामानापेक्षा रोमेदच्याच मताने फिरू लागला होता. खिडकीशी गेला, थर्मामीटर पाहिलं. उणे अकरा. परत येऊन बसला, पाव कापला, खाल्ला नाही. फोनवर पत्रक उघडलं. धोका : तीन.

“तीन,” तो म्हणाला.

“सकाळपासून तीनच आहे,” त्याची बायको बुर्गल चुलीपाशी पीठ मळत म्हणाली. “तू सात वेळा उघडलंस तरी.”

“तीन म्हणजे ना धड हो, ना धड नाही. चार असता तर मी बसलो असतो. दोन असता तर केव्हाच जाऊन आलो असतो. हे तीन म्हणजे माणसाला नुसतं खाजवत ठेवायचं काम आहे.”

त्यात तथ्य होतं. पाचपैकी एक-दोनला लोक जातात आणि परत येतात; चार-पाचला घरी पत्ते खेळतात. तीनला लोक विचार करतात, आणि डोंगरात जी माणसं गाडली जातात, त्यांतली बरीचशी चांगला विचार करून गेलेली असतात. हे रोमेदनेच चोवीस वर्षं शाळेतल्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं.

“निखारे दे,” तो म्हणाला.

बुर्गलने त्याच्याकडे पाहिलं. मग चिमट्याने बीचच्या लाकडाचे चांगले लालबुंद निखारे निवडून धुपाटण्यात भरले, त्यावर राख पसरली आणि झाकण लावलं.

“चार तास टिकतील,” ती म्हणाली. “छातीवरचं यंत्र चालू केलंस?”

“चाळीस वर्षं डोंगरात काढलीत मी.”

“म्हणजे नाही केलंस.”

त्याने कोटाची बटणं सोडून ते शोधयंत्र चालू केलं. ते किंचित चिवचिवलं. माणूस बर्फाखाली गेला तर हे चिवचिवणं वरच्यांना त्यांच्या यंत्रांवर ऐकू जातं. दारापाशी तो थांबला, कारण बुर्गल ‘जाऊ नकोस’ म्हणेल आणि मग आपण ‘मला अडवू नकोस’ म्हणू, असं त्याने सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं. ती पिठाकडे बघत होती. अडवायला कोणी नसलं की निघणं फारच अवघड जातं. तरी तो निघाला.

शेवटच्या घराशी दोर आडवा होता. पूर्वी तो खाली वाकून पलीकडे गेला असता. आता सदुसष्टाव्या वर्षी, पाठीवर गाडलेल्याला शोधायची सळई, फावडं, करवत आणि हातात निखारे असताना, वाकणं हा प्रश्न होता. त्याने दोर हुकातून काढला, स्कीसकट पलीकडे गेला, मागे वळून दोर पुन्हा नीट ताणून हुकात अडकवला आणि पाटी सरळ केली. बेशिस्त त्याला खपत नसे.

स्कीच्या तळाला केसाळ पट्टे लावले की माणूस चढावर मागे घसरत नाही. रोमेद त्या चालीत दीड तास चढला. आकाश निळं, हवा निश्चल, लार्चच्या फांद्यांवरून बर्फाची एक-एक कणी उन्हात तरंगत खाली येत होती. त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. चालताना तो स्वतःशी वाद घालत होता आणि दोन्ही बाजूंनी हरत होता. नोव्हेंबरात पडलेला पातळ बर्फ कोरड्या थंडीत सुटून साखरेसारखा झालाय, हे त्याला माहीत होतं. नाताळानंतर वायव्येच्या वाऱ्याने त्या साखरेवर पाऊण मीटरचा घट्ट पाट आणून ठेवलाय, हेही. पण पाट बसला असेल. आठ दिवस झाले. आठ दिवसांत माणसाचा रागसुद्धा बसतो.

दर शंभर पावलांनी तो धुपाटण्याचं झाकण किंचित उचलून आत बघायचा. लाल होतं. झाकण उघडलं की निखारे लवकर जळतात, हे कळत असूनही तो उघडायचा.

पाद्रीउतार समोर आला. शंभरेक वर्षांपूर्वी एक जाडजूड पाद्री घाईत असताना या उतारावरून बसल्या बसल्या खाली आला आणि प्रार्थनेला वेळेवर पोचला, म्हणून हे नाव. उतार रुंद, गुळगुळीत, पांढराफेक. आडवा कापायला सात मिनिटं. पलीकडे कडेला झोपडीचं धुराडं आणि दाराची वरची चौकट दिसत होती. चौकटीखाली आज एक ओळ जास्त हवी होती.

रोमेदने उताराच्या कडेला, जिथे चढ सौम्य होता तिथे, धुपाटणं बर्फावर ठेवलं आणि खड्डा खणला. जमिनीपर्यंत. एका बाजूला चौकोनी खांब कापून मोकळा केला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं. आता त्यावर मनगटातून दहा थापा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. तिसाव्यालाही खांब उभा राहिला तर जायला हरकत नाही. मनगटाच्याच थापांना कोसळला तर घरी जायचं, आणि जमल्यास चर्चमध्येही.

एक. दोन. तीन. चारला वरचा पाट खालच्या साखरेवरून असा सरकला, जसा चांगला पत्तेवाला अर्धा गठ्ठा सरकवतो.

“हं,” रोमेद म्हणाला. “इथे दगड असणार खाली.”

दहा पावलं पलीकडे जाऊन त्याने दुसरा खड्डा खणला. तीनला सरकला. इथे दगड नव्हता, हे त्याने बोटांनी चाचपून पाहिलं. तेव्हा त्याला वाटलं, आपण थापा जरा जोरातच देतोय. वय झालं की हात जड होतो. तिसरा खड्डा त्याने अतिशय काळजीपूर्वक खणला, आणि करवतीने खांबाची मागची बाजू कापत असतानाच, एकही थाप न खाता, पाट त्याच्या मांडीवर येऊन बसला. एखादं मांजर यावं तसा.

त्याने झाकण उघडलं. निखाऱ्यांवर राखेचा पडदा जाड झाला होता. फुंकर मारली. कोपऱ्यात लाल होतं अजून.

चौथा खड्डाही चार थापांना सरकला. रोमेद घामाघूम झाला होता. त्याने सभोवार नजर फिरवली, आणि डाव्या हाताला, खडकाच्या सोंडेमागे, जुन्या पाइनच्या झाडांत त्याला एक छान जागा दिसली. तिथे पाचवा खड्डा खणला. मनगटाच्या दहा थापा : काही नाही. कोपराच्या दहा : काही नाही. खांद्याच्या पहिल्या पाच : खांब हूं की चूं करेना.

“बघितलंस!” तो उताराला म्हणाला. “माझ्याशी नीट बोललं की तू नीट बोलतोस.”

“कुणाशी बोलताय, माजी अध्यक्ष?”

झाडांमधून झिटा आली. घाई नव्हती, धाप नव्हती. त्याच्याच वाटेने ती आली होती. तिने स्कीवर रेलून एक-एक खड्डा बोटाने मोजला.

“पाच,” ती म्हणाली. “आई म्हणाली तीन असतील.”

“आईने तुला फोन केला?”

“तू दोर ओलांडायच्या आधी. मी म्हटलं, अडवायचंस ना. तर म्हणाली, अडवलं असतं तर तडक गेला असता. सोडलंय ना, आता खणत बसेल. तू चहा पिऊन सावकाश निघ.”

रोमेदला हा अपमान वाटला, पण त्यात नेमकं चूक काय ते सापडेना. तेव्हा त्याने पाचव्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

“पंचवीस थापा. उभा आहे.”

“झाडांनी धरून ठेवलाय बाबा. वारा पोचत नाही इथे, पाट तयारच झाला नाही. या खड्ड्यातून झोपडीकडे रस्ता जातो का?”

“खड्डा म्हणजे खड्डा.”

“मग आधीचे चार कशाला खणलेस?”

“खात्री करायला.”

“झाली की पहिल्यातच. त्यानंतर तू आवडतं उत्तर शोधत होतास. शाळेत आकृती काढून तूच सांगायचास. ‘बर्फाला एकदाच विचारायचं, आणि हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत बसायचं नाही.’ मी वहीत लिहून घेतलंय.”

“वहीतलं वहीत. निखारे विझतायत, झिटा. सात मिनिटांचा प्रश्न आहे. मी एकटा जातो, तू इथे थांब, काही झालंच तर तुझ्याकडे यंत्र आहे, सळई आहे—”

“आणि फावडं आहे. हो. माझ्या बापाला उकरायची मला फार हौस आहे ना. आईसाठी संध्याकाळी तेवढाच विषय.”

“एकेचाळीस वर्षं! खाडा नाही! त्या हिवाळ्यातसुद्धा गेलो होतो मी, जेव्हा सगळं खोरं—”

“नव्हतास गेला.”

रोमेद थांबला. झिटा हातमोज्याने स्कीवरचा बर्फ झाडत होती. बोलण्यात जोर नव्हता. पत्रक वाचून दाखवावं तसं ती बोलत होती.

“मी नऊ वर्षांची होते. जूनमध्ये गाई वर चढवल्या तेव्हा तुझ्याबरोबर आले होते. तू दाराशी गेलास, इकडेतिकडे पाहिलंस, खिशातून खडू काढलास आणि त्या वर्षाची ओळ लिहिलीस. मग बोटाने थोडी पुसट केलीस. हिवाळ्यातली वाटावी म्हणून.”

“तू तेव्हा गाईंबरोबर होतीस.”

“गाईमागे होते. लघळी नावाची होती ती, पोट फार मोठं होतं.”

 त्या हिवाळ्यात सहा तारखेला रोमेद याच जागी आला होता, एकच खड्डा खणला होता, दोनच थापा मारल्या होत्या आणि परत फिरला होता. पण गावात शिरताना गिडीने विचारलं, ‘जाऊन आलास?’ आणि तोंडातून ‘हो’ निघून गेलं. त्या एका ‘हो’वर पुढची चोवीस वर्षं उभी राहिली. खोऱ्यातली माणसं नव्या लोकांना तो उतार दाखवून सांगत, ‘रोमेद तेव्हासुद्धा गेला होता.’ आयुष्यातली सर्वांत शहाणी गोष्ट त्याने त्या दिवशी केली होती आणि तिची त्याला इतकी लाज वाटत आली होती, की त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी तो उतार कापताना तिची भरपाई करत होता.

“आईला माहीत आहे?” त्याने विचारलं.

“तुझ्या कोटाच्या खिशात खडू कुणी घातला होता असं वाटतं तुला?”

हे मात्र फार झालं. सव्वीस वर्षं ज्या गुपिताने त्याची झोप खाल्ली, ते घरातल्या बायकांनी धुतलेल्या कपड्यांसारखं घडी घालून ठेवून दिलं होतं.

“तर मग आज जायलाच हवं!” सोंडेबाहेर, उताराच्या कडेला जात तो ओरडला. “त्या ओळीचं आज भरून काढतो. एकदा तरी खरोखर, तीन असताना—”

“बाबा, सोंडेच्या मागे ये आधी. मग ओरड,” मागोमाग येत झिटा म्हणाली.

“नाही येत! चोवीस वर्षं या उताराला मी—”

आणि रोमेदने डावी स्की उचलून सपाट बर्फावर आपटली.

आवाज मोठा नव्हता. खोल जमिनीतून कोणीतरी मोठ्या माणसाने श्वास सोडावा, तसा तो पायाखालून निघाला आणि वर गेला. पायाखालचा बर्फ बोटभर खचला. झिटाने त्याच्या पाठीवरची पिशवी धरली आणि बापाला सोंडेमागे असा खेचला, की दोघंही पाइनच्या बुंध्याशी बसले. वर, दोनशे मीटरांवर, पाद्रीउताराच्या माथ्याखाली एक काळी बारीक रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग सगळा उतार एकदम, फरशा उचकटाव्यात तसा, तुकड्या-तुकड्यांनी चालू लागला. सात मिनिटांची वाट नऊ-दहा सेकंदांत खाली दरीत गेली. मागून पांढरी धूळ आली, झाडांवर आदळली आणि दोघांना पिठात घोळल्यासारखं करून गेली. सोंडेपलीकडे, रोमेद मघाशी उभा होता तिथून वीसेक पावलांवर, टेबलाएवढे गठ्ठे येऊन थांबले.

मग शांतता. कुठेतरी एक दगड उशिरा, एकटाच, खाली गेला.

झिटाने बापाला नखशिखांत चाचपून पाहिलं. हात, पाय, मान. सगळं जागच्या जागी होतं. झोपडीही पलीकडे होती तशीच उभी होती, धुराडं आणि दारासकट. मधला उतार मात्र खरवडून निघाला होता. खालचं पिवळं गवत दिसत होतं.

“लागलं नाही ना?”

त्याने मान हलवली.

“समितीला फोन करते. खाली कोणी नव्हतं, पण कळवायला हवं.” तिने फोन काढला, मग पुन्हा ठेवला.  “बाबा, तू मघाशी निघाला असतास, तर आत्ता बरोबर मधोमध असतास.”

त्याने पुन्हा मान हलवली. तो उताराकडे बघत होता. आठ दिवसांत प्रथमच तो हलत नव्हता. ना बोट, ना मिशी. डोळ्यांत पाणी आल्यासारखं दिसत होतं. झिटाने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं, आजीच्या अंत्यसंस्कारातसुद्धा नाही. ती त्याच्या शेजारी बर्फात गुडघे टेकून बसली आणि त्याचा हात हातात घेतला.

“पुढच्या वर्षी दोघं मिळून येऊ,” ती हळूच म्हणाली. “आणि खाडा पडला तर पडला. गिडीला मी सांगते. त्या हिवाळ्याचंही सांगायचं असेल तर सांगू, नसेल तर नको. तुझं तू ठरव. मला काहीच वाटत नाही, बाबा. मला तर उलट... तू तेव्हा परत आलास, म्हणून तर मी आज अध्यक्ष आहे.”

रोमेदने घसा खाकरला. बोलायला तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

“झिटा.”

“बोल ना, बाबा.”

“जरा तिकडे तोंड करून उभी राहतेस? तिसऱ्या खड्ड्यापासून लागलीय मला.”